एका सहीचे दोन आदेश

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं.

जत तालुक्यात पाण्याची बोंब होती. गावाचे टँकर डाळिंबाच्या बागेत रिकामे होतात, अशी खबर एका बाईने आमच्या पोलीस ठाण्यात फोन करून दिली. आम्ही टँकर अडवला. चालकाने मोबाइलवर आदेश दाखवला. त्यात पाणी ओतायचं ठिकाण म्हणून बागेच्या तळ्याचं नाव होतं आणि सोबत टँकर कार्यालयातल्या लिपिकाची डिजिटल सही. तपासली तर ती खरी निघाली.

लिपिक माजी सैनिक, त्याच तहानलेल्या गावचा. कार्यालयाच्या मोठ्या साहेबांनी तडकाफडकी फिर्याद दिली. आम्ही त्याला अटक केली. गावाने त्याच्या दारात शेण फेकलं.

कोठडीत तो ताठ उभा राहून म्हणाला, "साहेब, मी गावाच्या नावावर सही केली. माझ्या मेलमधी बघा की."

बघितलं. त्याने सही करून पाठवलेल्या आदेशात गावाचंच नाव होतं. सही मात्र अक्षरन् अक्षर तीच. दोन वेगळे आदेश आणि दोन्हींवर एकच सही खरी!

सायबर शाखेने उलगडा केला. डिजिटल सही मजकुराच्या ठशावर होते. त्या ठशाला हॅश म्हणतात. ठसा काढायची पद्धत जुनाट असेल, तर एकच ठसा असलेल्या दोन फाइली आधीच बनवून ठेवता येतात. मग एकीवरची सही उचलून दुसरीला लावली, तरी ती खरीच ठरते. या कार्यालयात एसएचए-१ ही तसली पद्धत सहीच्या सॉफ्टवेअरच्या पसंतीक्रमात सर्वांत वर होती. सॉफ्टवेअर इशारा द्यायचं आणि तो न वाचता बंद करायचा, हा तिथला शिरस्ता.

दोन्ही फाइली बनवणाराच चोर, हे उघड होतं. मसुदे तयार करायचा कॉम्प्युटरचा ठेकेदार. सही झालेले आदेश चालकांना धाडायचा तोही तोच. त्याला बोलावलं.

"जुनी पद्धत वर कुणी ठेवली?"

"मीच, साहेब. जुन्या मशिनी नवीन सही वाचत न्हाईत. मोठं साहेबच म्हणालं, चालतंय ते चालू द्या."

"बाग कुणाची?"

"सासऱ्याची," तो म्हणाला.

लिपिक सुटला. मी स्वतः गावात जाऊन चावडीवर सगळं सांगितलं. लिपिकाची चुलती पुढे आली. "आवं साहेब, आमी त्याच्या लेकरांदेखत त्याला पाणीचोर म्हणालो. ते आता कसं माघारी घ्यायचं?"

सही खरी आहे, एवढ्यावर माणूस खोटा ठरवू नये. ती कोणत्या पद्धतीने झाली हे आधी विचारावं, हे मी या प्रकरणात शिकलो. सॉफ्टवेअरमधला पसंतीक्रम बदलायला कुणाची परवानगीसुद्धा लागत नव्हती. तरी 'चालू द्या' म्हणणाऱ्या साहेबांना कुणी साधी नोटीस दिली नाही. लिपिकाने नोकरी सोडली आणि गावही सोडलं.