माझ्या कर्तृत्वाची पायी सहल

गाइडशी घासाघीस करू नये. हा सल्ला मी फुकट देतोय, यावरूनच मला केवढं लागलं असेल ते ओळखा!

मी मूळचा खानापूर तालुक्यातला. आमच्याकडचे निम्मे लोक गलाईत, म्हणजे जुनं सोनं वितळवून शुद्ध करायच्या धंद्यात. सोळाव्या वर्षी जुन्या दिल्लीत आलो, भट्टीपुढे बसलो, आणि आज करोलबागेत माझं स्वतःचं दुकान आहे. हे सगळं मी एकट्याच्या हिमतीवर केलं. (हे वाक्य सुरू झालं की घरातले सगळे पाणी प्यायला उठतात.)

तर आमच्या ऋतुजाने गुडगावच्या ऑफिसातला एक मुलगा पसंत केला. मुलगा मराठीच निघाला, त्यामुळे मला भांडायला जागाच उरली नाही! त्याचे आईवडील आम्हाला बघायला बार्शीहून येणार होते. वडील इतिहासाचे निवृत्त शिक्षक. फोनवर म्हणाले, "कदमसाहेब, जन्म काढलात दिल्लीत. जुनं शहर तुम्हीच दाखवा आम्हाला."

आली का पंचाईत! लाल किल्ल्याबद्दल मला एवढंच ठाऊक, की त्याच्यासमोर गाडी लावायला जागा मिळत नाही. म्हणून नाजिया नावाची एक गाइड शोधली. बाई तिथल्याच गल्लीत वाढलेली, इतिहासात एमए. तिने भाव सांगितला आणि माझं डोकं फिरलं.

"मॅडम, चलना हमको है, पैर हमारे हैं. पैसा आपको किस बात का?"

"सर, टूर कस्टमाइज्ड है," ती शांतपणे म्हणाली. "जो नहीं चाहिए, निकाल देते हैं."

बस! मी किल्ला काढला. मशीद काढली. हवेली काढली. खाणं तर सगळ्यात आधी काढलं. भाव निम्म्यावर आला तेव्हा टूरमध्ये जेमतेम तीन गल्ल्या उरल्या होत्या, आणि त्या तिन्हींत माझी उमेदवारीची वर्षं गेली होती. मग मी हळूच पिल्लू सोडलं, "उसमें मेरा भी थोड़ा इतिहास डाल देना. मेहनत, गरीबी वगैरा."

"सर, सोर्स?"

"मैं खुद हूँ ना!"

"एक सोर्स काफी नहीं होता. मैं गलीवालों से पूछकर बोलती हूँ."

"बिल्कुल पूछो! वहाँ मुझे सब पहचानते हैं."

(हे शेवटचं वाक्य दुर्दैवाने अगदी खरं होतं.)

निघताना ऋतुजाने मला कोपऱ्यात घेतलं. "पप्पा, प्लीज यार, आज कुणाशी भांडू नका. मला हाच मुलगा हवाय."

"मी कधी भांडतो?" मी ओरडलो.

पहिली गल्ली रजयांची. मुलाचे वडील, म्हणजे आमचे सर, वही उघडून उभे. नाजियाने सुरुवात झकास केली, "कदमसाहब ने अपनी पहली सर्दी यहाँ बिना रजाई के काटी." सरांच्या पत्नीने 'अगं बाई' म्हणून पदर डोळ्यांना लावला. मी नम्र चेहरा केला. तेवढ्यात नाजियाने शेजारच्या म्हाताऱ्या रजईवाल्याला विचारलं, "क्यों चचा, सही बात है?"

"सोलह आने सही," चचा म्हणाला. "नवंबर में भाव करने बैठा था. रोज आता, रोज चाय पीता. फरवरी में बोला, अब तो ठंड ही चली गई, रहने दो!"

सरांनी ते वहीत उतरवून घेतलं. माझी बायको सुमन कुजबुजली, "अहो, मान हलवू नका. पुढे चला."

दुसऱ्या गल्लीत कचोरीचा असा घमघमाट सुटला होता की सरांच्या पत्नी जागच्या जागी थांबल्या. "इथे थोडं खायचं का हो?"

"मॅडम, खाना पॅकेज में नहीं है. सर ने निकलवा दिया."

"मैंने कब निकलवाया?" मी गरजलो.

तिने मोबाइल पुढे धरला. माझाच मेसेज! 'खाना काट दो, मेहमान घर से पोहे खाकर आएंगे.' ऋतुजाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. अब्रू वाचवायला मी तरातरा दुकानात शिरलो, पाच प्लेटा मागवल्या, आणि सवयीने तोंडातून निघून गेलं, "पाँच ले रहे हैं, भाव ठीक से लगाओ! और ये चटनी है या पानी?" मुद्दा चांगलाच तापला. चार गिऱ्हाइकं माझ्या बाजूने, सहा कचोरीवाल्याच्या. मी काउंटरवर हात आपटणार, तेवढ्यात कचोरीवाला म्हणाला, "बाबूजी, किसलिए लड़ रहे हो? पैसे तो आपके मेहमान कब के दे चुके."

पाहुण्यांच्या पैशांसाठी मी पाहुण्यांसमोर भांडत होतो!

तिसरी गल्ली सराफांची. इथे तरी मान राहील असं वाटलं. पण मी वळण घेतलं मात्र, समोरचं एक शटर धाडकन खाली आलं. मग दुसरं.

"आज सुट्टी आहे का?" सरांनी विचारलं.

एक सराफ अर्ध्या शटरखालून हात जोडून म्हणाला, "कदमजी, माफ करना. अभी बोहनी नहीं हुई है."

नाजिया सरांकडे वळून गंभीरपणे म्हणाली, "सर, ये यहाँ की लोकपरंपरा है. बोहनी से पहले कदमसाहब को कोई दुकान में नहीं लेता. इसके तो दस सोर्स मिल जाएंगे."

सरांनी 'लोकपरंपरा' लिहून खाली दोन रेघा ओढल्या. मी नाजियावर असा कडाडलो की उरलेली शटरंही खाली आली. तिने फक्त घड्याळ पाहिलं, "टूर पूरी हुई, सर." सरांनी तिला मी कापली होती नेमकी तेवढी रक्कम बक्षीस दिली. (कशी ओळखली, देव जाणे!)

घरी आलो. ऋतुजाचे डोळे भरलेले. चहा झाला, आणि सर म्हणाले, "मुलगी आम्हाला पसंत आहे. स्वभावाने आईवर गेलीये, याची आज खात्री झाली. फक्त एक अट आहे."

अट! माझं रक्त सळसळलं. म्हटलं, काय मागायचं ते मागा, निम्म्यावर आणतो!

"याद्यांच्या बैठकीला तुम्ही बसायचं नाही."

म्हणजे मानपान काय, खर्च कुणी काय करायचा, हे सगळं ठरवायच्या बैठकीला मुलीचा बापच नाही! "जमायचं नाही!" मी उसळलो. "दोन तास बसणार."

"अजिबात नाही."

"एक तास."

"पाच मिनिटं."

"अर्धा तास, आणि मी बोलणार नाही!"

शेवटी पंधरा मिनिटांवर जमत आलं होतं. न बोलता, पण चहा धरून. मी हात पुढे केला. एवढ्यात स्वयंपाकघरातून सुमनचा आवाज आला, "सर, पंधरा फार होतात हो. दहाच करा!"

सौदा दहावर ठरला. उभ्या आयुष्यात माझा भाव एवढा कुणी पाडला नव्हता, आणि लोक अजून म्हणतात, घासाघीस शिकावी तर कदमांकडून!