पैलवानानं आवळलेलं झाकण

आमच्या जुन्या गाडीला सारखं पाणी लागायचं. सकाळी रेडिएटर गळ्यापर्यंत भरावा, बाजारात जाऊन यावं, की पाणी निम्म्यावर आलेलं. काटा लाल रेषेपाशी जायचा आणि त्याच्या आधी माझं डोकं तापायचं. गाडीखाली पुठ्ठा अंथरून बघितला, तर सकाळी तो कोरडाच. रबरी नळ्या चाचपल्या, तेलात पाणी मिसळतंय का तेही पाहिलं. सगळं ठीक होतं. मग पाणी जायचं कुठं, ते काही कळेना.

गाडी सुरू झाली नाही की शेजारच्या तालमीतले पैलवान ढकलायला यायचे. त्यांतल्या सर्वांत थोराड पैलवानाचा माझ्यावर भारी जीव. ढकलून झालं की रेडिएटरमध्ये पाणीही तोच भरायचा आणि झाकण आवळत म्हणायचा, "आता थेंब बी न्हाय सांडायचा, मास्तर." मी त्याला चहा पाजायचो.

एका हिवाळ्यात गडहिंग्लजहून निरोप आला. आईची थोरली बहीण अंथरुणाला खिळली होती आणि तिची वाचा गेली होती. माझी आजी लवकर गेली, त्यामुळं आईला वाढवलं ते या अक्कानंच. आईचं खुब्याचं हाड मोडलेलं, एसटीची पायरी चढणं तिला जमण्यासारखं नव्हतं. "मला अक्काला बघायचंय," एवढंच ती म्हणाली. मागच्या सीटवर उशा रचून तिला बसवलं आणि निघालो.

निपाणीच्या अलीकडं बॉनेटमधून वाफ यायला लागली. रस्त्याकडेला गुऱ्हाळ चालू होतं, तिथं गाडी थांबवली. बॉनेट उघडलं आणि इतके महिने जे दिसलं नव्हतं ते दिसलं. झाकणाच्या कडेनं पाणी फुसफुसत बाहेर येत होतं आणि तापल्या लोखंडावर पडताच वाळून जात होतं. घरी मी गार इंजिनच तपासत बसायचो, तिथं काय दिसणार, कप्पाळ!

गाडी निवल्यावर फडकं धरून झाकण काढलं. आतली रबराची चकती चिरडून तुटली होती. खाच संपली तरी आमचा पैलवान पिळायचा थांबत नसणार. त्याची माया झाकणाला काही सोसली नव्हती. राग यायला हवा होता, पण मला हसूच फुटलं.

ते फार टिकलं नाही. मागं आई उशांना टेकून रस्त्याकडं बघत होती, उन्हं कलत होती आणि त्या माळावर चकती मिळणार कुठं?

गुऱ्हाळाचा मालक हातातली कामं टाकून आला. "कुठं निघालासा, पावणं?"

मी सांगितलं. बाभळीला टेकवलेली आपली सायकल त्यानं आडवी केली, चाकातली ट्यूब ओढून काढली आणि विळ्यासकट माझ्यापुढं धरली.

"अहो, तुम्ही घरी कसे जाल?" मी म्हणालो.

"चालत जाईन की. पाय हायत न्हवं? तिकडं भैन वाट बघत्या. कापा तुमी."

त्या ट्यूबची चकती कापून झाकणात बसवली. गाडी चालू ठेवून हळूहळू पाणी भरलं आणि झाकण खाचेपर्यंतच फिरवलं. निघताना आईनं खिडकीतून त्याला हात जोडले. मी पुष्कळ देवळं पाहिलीत, पण त्या गुऱ्हाळावरून जाताना अजूनही माझी मान आपोआप लवते. काटा गडहिंग्लजपर्यंत हलला नाही.

दिवेलागणीला पोचलो. घरच्यांनी सांगितलं, अक्का दोन दिवस कुणाकडं बघतही नाही. आईला धरून मी तिच्या खाटेपाशी नेलं. अक्कानं डोळे उघडले, आईकडं बराच वेळ पाहिलं. मग हातावर जोर देऊन ती कशीबशी भिंतीकडं सरकली आणि तिनं आपल्या शेजारी आईपुरती जागा केली.