आईच्या फोटोतले डोळे

ती सौंसरची मुलगी माझ्या पांढुर्ण्याच्या स्टुडिओत एकदाच आली. युनिव्हर्सिटीत फोटोग्राफी शिकून राहिली म्हणाली आणि माझं डोकं तापलं. मी मॅट्रिक नाही म्हणून एका कॉलेजनं मला दारातूनच परत पाठवलं होतं. जे शिकलो ते स्वतःच शिकलो.

तिनं पिशवीतून एका बाईचा जुना फोटो काढला. बोटं लागू न देता, फक्त कडांना धरून, ती तो उजेडात तिरपा करत होती. मागे माझाच शिक्का होता.

आमच्याकडे घरात फोटो नसलेलं माणूस गेलं, की उचलण्याआधी फोटोवाल्याला बोलावत. मग फोटोतल्या मिटलेल्या पापण्यांवर मी ब्रशनं उघडे डोळे रंगवायचो.

"काका, आम्हाले रिटचिंग शिकवलं तवा शंका आली. हे डोळे रंगवलेले आहेत का?"

"मग! तुमच्या सराले जमते का असं? कोणाले कळलं नाही आजवर!"

"माही आई आहे हे. मी झाली अन् ती गेली. तिचे डोळे मी ह्या फोटोतच पाहिले." ती थांबली. "कोणाचे पाहून काढले?"

माझी नजर भिंतीवरच्या आरशाकडे गेली. डोळे काढायला मी आरशासमोर बसून शिकलो होतो.

तिनं फोटो माझ्या चेहऱ्याशेजारी धरला.

"काका, हे तर तुमचे डोळे आहेत."

मी हादरलो. मान खाली घातली.

"खाली नका पाहू," ती म्हणाली. "थोडा वेळ माह्याकडे पाहत राहा."