खालची कडी

एका मुलीने मिस्त्रीचा उजवा हात हातोड्याने फोडला, तेव्हा मी दहा पावलांवर स्वयंपाकघरात डबे लावत होते. ठोकण्याचा आवाज येत होता आणि मला वाटत होतं, चला, काम चाललंय.

मिस्त्री म्हणजे माझा नवरा. तोंडावर अहो, माघारी मिस्त्री. सगळी हयात लोकांची दारं बसवण्यात गेली. आमच्या न्हाणीघराचं दार सहा वर्षं एका बिजागरीवर लोंबकळत होतं, पण लोकांचं दार केसभर हललेलं त्याला खपायचं नाही. बोलायचा इतका कमी, की पाहुणे मला हळूच विचारायचे, बरं नाही का त्यांना?

धंद्याला विकल्या गेलेल्या मुली सुटून आल्या की त्यांना राहायला जागा हवी, म्हणून एका संस्थेने जुनी दुमजली इमारत घेतली. मी तिथे स्वयंपाकाला लागले आणि दारांचं काम मिस्त्रीला मिळवून दिलं. मोठी शहाणी ना मी. संस्थेच्या ताईंनी बजावलं होतं, खोल्यांना कडी फक्त आतून. मिस्त्रीने आतून लावली आणि बाहेरूनही लावली. रिकाम्या खोल्या बंद करायला नकोत का, असं त्याचं म्हणणं. तीही लावली अगदी खाली, घोट्याजवळ. दारावरच्या झरोक्यातून कुणी हात बाहेर काढला तरी पोचणार नाही, अशी. ही त्याची पद्धत होती. कुठे शिकलात, हे मी कधी विचारलं नव्हतं.

सोमवारी सकाळी पहिली मुलगी आली. विशीतली, काटकुळी. मिस्त्री जिन्यासमोरच्या दारापाशी गुडघ्यावर बसून कडी घासत होता. तिने कडी पाहिली. त्याच्या पिशवीतला हातोडा उचलला आणि पहिला घाव कडीवर घातला, पुढचे चार त्याच्या हातावर. ‘यानेच,’ ती ओरडत होती, ‘यानेच लावल्यात.’ ताईंनी तिला कमरेला धरलं. मी धावत आले आणि तिला अशी ढकलली, की तिचं डोकं भिंतीवर आपटलं. मिस्त्रीच्या अंगठ्याचं हाड कातडीतून बाहेर आलं होतं. तो ओरडला नाही. तिच्याकडे बघत राहिला.

सगळ्यांना वाटलं, पोरगी भ्रमिष्ट झाली आहे, पुरुष दिसला की असंच करणार. मलाही तेच वाटलं.

दवाखान्यात प्लॅस्टर वाळेपर्यंत बाकावर बसलो होतो. मिस्त्री म्हणाला, ‘ती खरं बोलतेय.’

‘काय खरं?’

‘तीन वर्षांपूर्वी एक काम केलं होतं. गोदामाच्या मागे अकरा खोल्या. मालक म्हणाला, कड्या बाहेरून, खाली लाव. तिथून ती सवय लागली.’

‘कशाच्या खोल्या, विचारलं नाहीत?’

‘नाही.’ त्याने प्लॅस्टरवरचा पांढरा चुरा झटकला. ‘एका खोलीत आधीच कुणीतरी होतं. रडत होतं. आतून दार वाजवत होतं.’

‘मग तुम्ही काय केलंत?’

‘ठोकत राहिलो. जरा जोरात.’

माझ्या हातात पाण्याची स्टीलची बाटली होती. ती मी त्याच्या तोंडावर मारली. नाकातून रक्ताची धार लागली. समोरची नर्स धावत आली, तर हा तिला म्हणाला, ‘काही नाही, घोळणा फुटला.’

आता माझं ऐका. एवढं सगळं कळल्यावर मी काय केलं असेल? मंगळवारी सकाळी तो ताईंना सांगायला निघाला, तेव्हा त्याला शपथ घातली. एक शब्द बोललात तर माझं मेलेलं तोंड बघाल. पोलीस तुम्हालाच आत टाकतील, त्या गुंडांना कळलं तर घरात घुसून कापतील. तो म्हणाला, तिथे अजून मुली असतील. मी म्हटलं, असतील, आपण काय सगळ्या जगाचा मक्ता घेतलाय? तो मूग गिळून बसला. माझा जीव भांड्यात पडला.

इकडे ती मुलगी अन्नाला शिवत नव्हती. गुरुवारी तिने ताईंना सांगितलं, तिथे तिची एक मैत्रीण आहे, शेवटच्या खोलीत. हिला अर्धमेली करून दवाखान्याच्या दारात टाकलं होतं, तिथून ती संस्थेकडे आली. जागा कुठे आहे हे तिला ठाऊक नव्हतं. नेताना बंद गाडी, आणताना शुद्ध नाही. ‘मी सुटले, त्याचा राग ते तिच्यावर काढत असतील,’ ती म्हणत होती. ‘पट्ट्याने मारतात. बकलाच्या बाजूने.’ मी भाकऱ्या थापत सगळं ऐकत होते. घरी गेल्यावर मिस्त्रीला मीच सांगितलं. का सांगितलं, देव जाणे. पोटात राहीना.

शुक्रवारी सकाळी तो उठला, गळ्यात हात अडकवला आणि माझी शपथ मोडून ताईंकडे गेला. दुपारी पोलिसांच्या गाडीतून त्यानेच वाट दाखवली. गोदामाच्या फाटकावर चौघे होते. त्यांनी मिस्त्रीला ओळखलं. पोलीस गाडीतून उतरेपर्यंत एकाने लोखंडी गज त्याच्या जबड्यावर घातला, दुसऱ्याने नेमका प्लॅस्टरवर. पुढचे पाच दात गेले. बरोबरच्या महिला पोलिसाने मला पुढचं सांगितलं. तो रक्त थुंकत उठला, गोदामामागच्या बोळात गेला आणि डाव्या हाताने, वाकून वाकून, एकेक कडी काढत गेला. कुणाला हात लावू देईना. दहा खोल्यांतून आठ मुली निघाल्या.

अकराव्या खोलीत कुणी नव्हतं. फरशी धुतलेली होती. पकडलेल्यांपैकी एकाने चौकीत तोंड उघडलं: ती बुधवारी गेली, मारताना.

मिस्त्रीने आपला गुन्हा पोलिसांना लिहून दिला. आता पातळ भात गिळतो, खटल्याच्या तारखांना जातो आणि विचारतील तेवढं सगळं सांगतो. डाव्या हाताने संस्थेतली बाहेरची प्रत्येक कडी काढून त्याने भोकं लांबीचा लगदा भरून बुजवली. लोक म्हणतात, मोठ्या मनाचा माणूस. तो मान खाली घालतो. मला मात्र लोक काहीच म्हणत नाहीत, कारण माझं कुणाला माहीतच नाही.

त्या मुलीला सोडून. धाडीनंतर दोनच दिवसांनी, रविवारी, ती स्वयंपाकघरात आली, पहिल्यांदाच. ओट्याला टेकून उभी राहिली.

‘मावशी, मिस्त्रींना कधी कळलं, की मी त्यांच्या कड्यांच्या खोल्यांतूनच आले?’

शुक्रवारी, असं म्हणता आलं असतं. तिला पटलंही असतं. तिच्या कपाळावर मी ढकललं तेव्हाचं टेंगूळ अजून हिरवंनिळं होतं.

‘सोमवारी,’ मी म्हटलं. ‘मंगळवारीच सांगायला निघाले होते. मी शपथ घालून अडवलं.’

ती बोटांवर काही मोजत नव्हती, पण मोजतच होती. मग तिने मला मारलं. आधी थोबाडीत, मग मुठीने छातीवर, मग हाताला लागली त्या कढईने खांद्यावर. ताई धावत आल्या तर मीच त्यांना म्हटलं, ताई, तुम्ही बाहेर जा.

ती थांबली, धापा टाकत.

‘मंगळवारी ती जिवंत होती,’ ती म्हणाली. ‘मी जिवंत आहे, एवढं तरी तिला कळलं असतं.’

मी पदराने तोंड पुसलं. ‘मार अजून,’ मी म्हटलं.

तिने मारलं.