उसनी मुले

सरकारच्या नजरेत सगळी मुले सारखी असतात. एवढेच, की डिप्टीसाहेब शाळा तपासायला येतील त्या दिवशी ती वर्गात बसलेली असावी लागतात. शाळेची ग्रँट त्या दिवसाच्या हजेरीवर ठरे, आणि तपासणी नेमकी कापूस वेचणीत येई. म्हणून धामणगावच्या आसपासचे आम्ही मास्तर एकमेकांना मुले उसनी देत असू.

शेजारच्या खेड्यातले मास्तर मात्र घेत नसत. त्यामुळे आम्हाला उगीच ओशाळल्यासारखे होई. हजेरी घेताना गैरहजर मूल कुठे आहे तेही स्वतःच मोठ्याने सांगायची त्यांना खोड होती.

त्या वर्षी त्यांची ग्रँट जाणार हे उघड होते. मी म्हटले, "मास्तर, माही वीस पोरं घेऊन जा न. साहेबाले काय समजते?"

"साहेब गेले की वापस कराच लागन न, गुरुजी. मंग माही शाळा पुन्हा तेवढीच."

तपासणीला साहेबांबरोबर मीही गेलो होतो. मास्तरांनी हजेरी सुरू केली. "रहीम, कापसात. गंगू, कापसात. नामदेव, कापसात."

साहेब हसले. "काय हो, अख्खी शाळा कापसातच का?"

"हाव साहेब. सरकारचा शेतसारा भराचा आहे न."

साहेबांनी शेरेबुकात त्यांच्या सचोटीची तारीफ केली आणि त्याखालीच शाळा बंद करण्याची शिफारस लिहिली. मंजुरी महिन्याभरात आली. त्याच हुकुमाने बुलढाण्याच्या शाळेला नवे घड्याळ मिळाले. तिथले जुने चालूच होते.