डोळे माझे, मालिका कुमुदची

डॉक्टरबाईंनी माझ्या डोळ्यांचा फोटो कॉम्प्युटरवर लावला. म्हणाल्या, "मावशी, दोन्ही डोळ्यांना वेट एएमडी आहे. डावा बराच गेलाय. उजवा वाचवायचा प्रयत्न करू."

मी विचारलं, "मला टीव्ही दिसेल ना?"

माझा मुलगा नीलेश शेजारी बसला होता, त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण मला जे वाटलं ते मी विचारलं.

वेट एएमडी म्हणजे वयोमानाने डोळ्याच्या आतल्या पडद्याचा मधला भाग बिघडतो. त्याच्याखाली नको तिथे बारीक रक्तवाहिन्या वाढतात आणि पाझरतात. मग आपण ज्याच्याकडे थेट बघू तेच पुसट होतं, बाजूचं मात्र दिसत राहतं. माणूस दिसतो, त्याचं तोंड दिसत नाही. आणि मालिकेत तोंडं सोडून असतं काय?

कधीपासून त्रास होतोय, असं बाईंनी विचारलं तेव्हा मला माझा मूर्खपणा सांगावा लागला. तुम्हालाही सांगते, म्हणजे तुम्ही तसं करणार नाही. बातम्यांच्या चॅनलवर खालून पट्टी सरकते ना, ती मला मध्येच वाकडी दिसायला लागली. मी केबलवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, काकी, पिक्चर एकदम क्लिअर आहे. मी त्याला असा झापला की बिचारा दुसऱ्या दिवशी बॉक्स बदलून गेला. तरी पट्टी वाकडीच.

मग माझ्या साडेआठच्या मालिकेतल्या हिरोइनचं नाक वाकडं झालं. बारा वर्षं मी ते एकच चॅनल लावत आले होते. मालिका बदलल्या, चॅनल नाही. मी म्हटलं, यांनी पैसे वाचवायला स्वस्तातले कॅमेरे आणलेत. रागाने दुसऱ्या चॅनलवर गेले. तिथे सासूपासून पोलिसापर्यंत सगळेच वाकडे. मी घरात जाहीर करून टाकलं की हल्ली सगळी चॅनलं टुकार झालीत. यात पाच महिने गेले. एक डोळा झाकून बघावं, एवढं काही सुचलं नाही. बाई म्हणाल्या, लवकर आला असतात तर डावाही टिकला असता.

आता कुमुदबद्दल सांगायला हवं, कारण खरा आजार तिथे होता.

आम्ही नायगावच्या चाळीत शेजारी शेजारी राहायचो. साडेआठला कुणाचा नवरा जेवायला बसलेला, कुणाची मुलं अभ्यासाला. ज्यांची मालिका चुकायची त्या सकाळी गॅलरीत मला विचारायच्या, आणि मी आवाज काढून, हातवारे करून अख्खा भाग सांगायचे. कुमुद कायम पुढे बसलेली. चाळीतल्या सगळ्या नवीन टॉवरमध्ये आलो तरी पाच वाजता खाली बाकांवर माझा दरबार भरायचाच. मोबाइलवर मालिका कधीही बघता येते, पण बायका म्हणायच्या, तुझ्याकडून ऐकण्यात मजा आहे.

माझ्या हॉस्पिटलच्या फेऱ्या सुरू झाल्या आणि माझ्या जागी कुमुद सांगायला लागली. अगो, किती वाईट सांगते ती! शेवट आधी सांगते. नावं विसरते. तरी बायका ऐकत होत्या, हसत होत्या. माझ्या अंगाची लाही लाही झाली. माझ्याच वयाची बाई, साखर तिला, ब्लडप्रेशर तिला, आणि डोळे माझे गेले? देवाला दुसरं कुणी मिळालं नाही? हे लिहिताना लाज वाटत नाही. ज्याचं जळतं त्याला कळतं.

परळच्या हॉस्पिटलात दर महिन्याला इंजेक्शन. इंट्राव्हिट्रियल म्हणतात, म्हणजे सुई थेट डोळ्यात. ऐकायला भयंकर आहे, पण आधी थेंब टाकून डोळा बधिर करतात. टोचतं कमी, भीती जास्त. खरा त्रास बाहेर बसण्याचा. आतून अक्षरं वाचण्याचे आवाज यायचे. कुणी पाच ओळी वाचायचं, कुणी सहा. मला तीन. अनोळखी माणसांवरही मी तिथे जळत बसायचे.

किती कमी दिसतं ते घरी मी कुणाला कळू दिलं नाही. आवाजावरून मालिका ओळखायची आणि सगळं दिसल्यासारखं बोलायचं. एकदा हिरोइनच्या नावाने भलताच आवाज बोलायला लागला. नवरा तिला बायको म्हणतोय, सासू सून म्हणतेय, आणि आवाज परका. माझ्या लगेच लक्षात आलं, ही तोतया! खरीला कुणीतरी डांबून ठेवलंय. असं मालिकेत होतंच.

दुसऱ्या दिवशी बाकावर कुमुदच्या आधी मी तोंड उघडलं. म्हटलं, मी तिचं तोंड नीट बघितलं, नजर कशी कपटी आहे, खरीचे कपडे घातलेत पण चाल लपत नाही. सगळं रंगवून सांगितलं. 

कुमुदच हळू आवाजात म्हणाली, "नटी बदलली गो. खाली मोठ्या अक्षरांत पट्टी आली होती."

मी भाजी करायची राहिली म्हणून उठले. लिफ्टमध्ये रडले. बायकांना माझे डोळे कळले याचं दुःख होतंच, पण ते कुमुदच्या तोंडून निघालं, याचं जास्त.

त्या संध्याकाळी आठ वाजून पंचवीस मिनिटांनी बेल वाजली. कुमुद होती. विचारलं नाही, सवरलं नाही, सोफ्यावर बसली आणि टीव्ही लावला. "निळी साडी नेसलीय. रडत नाहीय, नुसती बघतेय." असं सुरू झाली. मला राग आला, आणि मी ऐकतही राहिले. रोज यायला लागली. इंजेक्शनलाही तीच सोबत यायची, नीलेशची रजा वाचायची. उपकार घ्यायचे तेही तिचेच, म्हणजे जळणं दुप्पट झालं.

हॉस्पिटलात काम करणाऱ्या एका मुलीने मला थेट न बघता थोडं बाजूला बघायला शिकवलं. तसं केलं की कडेने बरंच दिसतं. टीव्हीच्या बाजूला आता कुमुद खुर्ची घेऊन बसायची. ती वैतागायची, "माझ्याकडे काय टवकारून बघतेस?" मी म्हणायचे, मालिका बघतेय मेले, तुला कोण बघतंय.

सहाव्या इंजेक्शननंतर ओसीटी काढली. ओसीटी म्हणजे पडद्याच्या थरांचा फोटो. उजवा डोळा स्थिर होता. बाई म्हणाल्या, आहे तेवढं टिकलं तरी खूप समजा. मी मान डोलावली. त्याच दिवशी कुमुदने तिथेच आपले डोळे दाखवून घेतले. मोतीबिंदू. छोटं ऑपरेशन, नवं भिंग बसवलं की झालं, पहिल्यासारखं दिसेल.

परळला रिक्षा कुठली मिळायला, टॅक्सीत बसलो, आणि मी तोंडावर सांगितलं, "कुमुद, मी जळते तुझ्यावर."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "वीस वर्षं गॅलरीत तुझ्यासमोर बसून मी काय करत होते वाटतं तुला?"



तिच्या ऑपरेशनला बाहेर मी बसले. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हाही मीच शेजारी. तिने इकडेतिकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि बराच वेळ बघतच राहिली.

"अगो, किती म्हातारी झालीस तू. मी पण अशीच दिसते?"

मला तिच्या जागी पुसट गोरा गोळा दिसत होता. त्यात मी आठवणीने तिचं तोंड भरते. मी खरं तेच सांगितलं. "मला काय माहीत. मला तू अजून चाळीतली दिसतेस. एक सुरकुती नाही."

ती उठली. मग भिंतीवरच्या आरशाकडे गेली आणि तिथेच उभी राहिली.

"नशीबवान आहेस मेले," ती म्हणाली. आवाज मी चांगला ओळखते. या वेळी जळत होती ती.