वहिनीला दिसलेला दिवा

आमच्या वहिनीला फुगवून सांगता येत नसे. आमचं घराणं अमरावतीचं. साधा ताप आला तरी "मरता मरता वाचले" म्हणायची आम्हाला सवय. वहिनी तापानं फणफणली असली तरी म्हणायची, "अंग गरम आहे." एकदा माझ्या पुरणपोळ्यांची सगळे वाहवा करत होते, तेव्हा ती म्हणाली, "छान झाल्यात. काही जाड आहेत." मी चिडले. पण जाड होत्याच मेल्या!

माझा दादा रेल्वेत सिग्नलचा इंजिनिअर. लखनऊला वृंदावन योजना नावाच्या वसाहतीत त्यांचं घर, आणि वहिनीची बँक पार शहराच्या दुसऱ्या टोकाला, चिनहटला. सकाळी दादा अंथरुणात असतानाच ती गाडी काढायची, वाटेत छावनीतल्या माझ्या घरून मला घ्यायची, मी शिकवते त्या शाळेपाशी सोडायची आणि पुढे जायची. त्या गाडीवर तिचा भारी जीव. घरात काय शिजवायचं, सुट्टीत कुणाकडे जायचं, सगळं दादा ठरवणार. गाडीत मात्र ती मालकीण. चक्क गाणं म्हणायची, तेही बेसूर. "मला सूर नाही," हेही तीच सांगायची.

थंडी पडली आणि गाडीत कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, कमी असल्याचा लाल दिवा लागायला लागला. घरून निघताना लागायचा, माझ्या दारात येईपर्यंत विझायचा. संध्याकाळी घरी पोचली की ती दादाला सांगायची. दादा बॉनेट उघडायचा, बाटलीतलं पाणी खुणेच्या वर दिसायचं. "भरलंय की! आमच्याकडे उगाच लाल लागला की आधी तार तपासतात. इथं तारही ठीक आहे. म्हणजे आता तूच राहिलीस," असं म्हणून हसायचा. माझं डोकंच फिरायचं ते ऐकून.

"सकाळी एकदा खाली या," वहिनी म्हणायची. एवढंच तिचं मागणं. आला नाही हो कधी! रजई सुटत नव्हती साहेबांची. तिनं मोबाइलवर फोटो काढून दाखवला, तर माझी कॉलेजात जाणारी भाची म्हणते कशी, "मम्मी, स्टार्ट करते वक़्त तो सारी लाइटें जलती हैं. आपको वहम है." पोरीला मराठी सगळं कळतं, पण बोलणार हिंदीत, आणि बोलणार ते बापाचंच. 'वहम', म्हणजे भास, मग त्या घरात मुक्कामालाच आला. भाजीत मीठ कमी पडलंय म्हटलं, वहम. गॅसचा वास येतोय म्हटलं, तरी वहम.

मी स्वतः तो दिवा एकदाही पाहिला नाही. पण वहिनी म्हणाली, म्हणजे होता. यावरून मी दादाशी कडाकडा भांडले. "तुला गाडीतलं काय कळतं?" म्हणाला. गाडीतलं नव्हतं कळत, वहिनी मात्र मला ठाऊक होती.

शेवटी एकदा बँकेतून परतताना ती परस्पर गॅरेजात गेली. गाडी तापलेली. मेकॅनिकनं बाटली बघितली आणि म्हणाला, "मैडम, पानी तो पूरा है." वर ओळखीचा म्हणून दादाला फोनही केला. दादाची म्हणे अब्रूच गेली. त्या संध्याकाळी किल्ली त्याच्या खिशात गेली. "नसते दिवे दिसणाऱ्या माणसानं गाडी चालवू नये," असा हुकूम निघाला, आणि वहिनी टेम्पो, म्हणजे तिथल्या शेअर रिक्षा, बदलत बदलत चिनहट गाठू लागली.

फार त्रास होतो का गं, मी विचारलं. "पाय दुखतात," ती म्हणाली. मग म्हणाली, "वाईट पण वाटतं." तिच्या तोंडून एवढं म्हणजे फारच झालं.

संक्रांतीच्या आधी दादाला आपल्या साहेबांना स्टेशनवर सोडायला भल्या सकाळी गाडी काढावी लागली. दिवा लागला. उतरून बघतो तर पाणी खुणेच्या खाली! गॅरेजात बाटलीला बारीकशी चीर निघाली. मराठी मंडळाच्या तिळगुळाच्या कार्यक्रमात दादा हे रंगवून सांगत होता, "गार असताना पाणी खाली बसतं, इंजिन तापलं की फुगून वर येतं, म्हणून दिवा विझतो. गरम गाडीत बघणारा फसणारच! पण मी पकडलं." लोक वा वा करत होते. वहिनीचं नाव त्यात कुठेच नव्हतं. ती तिळगूळ वाटत होती.

घरी आल्यावर त्यानं किल्ली पुढे केली. "घे, आता बिनघोर चालव."

वहिनीनं हात पुढे केला नाही. "मला दिसत होता तेव्हा तुम्ही बघायला आला नाहीत. आता नको," ती म्हणाली आणि भांडी आवरायला गेली. तिनं माहेरी, नागपूरला बदली मागून घेतली. होळीनंतर ती मिळालीही. दादानं सगळीकडे सांगून टाकलं, हिच्या आईला बरं नाही.

ती निघाली त्या दिवशी स्टेशनवर मंडळातल्या एक काकू भेटल्या. "आईचं फार दुखणं आहे का गं?" त्यांनी विचारलं.

"आई ठणठणीत आहे," वहिनी म्हणाली. "या घरात माझं कुणी खरं मानत नाही, म्हणून जाते आहे. परत यायची नाही."

दादा मोठ्यांदा हसला. "काकू, आईच्या काळजीनं बोलते ती काहीबाही."

काकूंनी वहिनीच्या पाठीवरून हात फिरवला. "होतं गं असं," त्या म्हणाल्या. "आईला जप, आणि लवकर ये परत."